भिंतीला कान चार

तोमोदासाहेब दोन हिवाळे आमच्या सावंगीत राहिले,
जंबेरीच्या खुंटावर डोळा कसा बांधतात ते बघत.
जाताना संत्र्याच्या पेटीत ठेवून गेले
एकशे छत्तीस सोंगट्या.
मोजल्या तर एकशे पस्तीस.

चार कोऱ्या पांढऱ्यांतली एक नव्हती.
शालिग्राम म्हणतो, मालाबरोबर कलकत्त्याला गेली.
किसन सुताराने हळदूच्या लाकडाची करून दिली,
मापाला चोख. पण बाकीच्यांची पाठ हिरवी, हिची पिवळी.
कुणाच्या हातात आहे ते साऱ्या शेडला दिसतं.

अफजल कंपाउंडर नवा आला तेव्हा
सोसायटीच्या जुन्या पावतीबुकाच्या पाठीवर
मी नियम लिहून दिले:

सारख्या चार जमल्या म्हणजे चार झाल्या असं नाही.
बोलावं लागतं. ‘कान.’
(तो हसला. सगळेच हसतात पहिल्यांदा.)
न बोलता धरल्या तर तीन कामाच्या, चौथी नुसती ओझ्याची.

तीन हातात असतील आणि कुणी चौथी टाकली,
तर पुढच्याचा हात भिंतीला लागायच्या आत बोल.
मग त्या चारही उघड्यावर, गावासमोर.

तीन आधीच उघड्या मांडल्या असतील
आणि चौथी नंतर आली, तर शेजारी ठेव, पण जपून.
तिच्याच वाटेवर कुणी बसला असेल
तर तिथल्या तिथे उचलून नेतो, आणि डाव त्याचा.

चारही स्वतःच उचललेल्या असतील
तर सगळ्यांना दाखव, कडेच्या दोन पालथ्या घाल.
ह्या बंद चार कुणी लुटत नाही.

कान बोललं की मागच्या भिंतीतून एक जास्तीची मिळते,
आणि एक नवी खूण उलटते, जिचा फायदा
बोलणाऱ्यापेक्षा दुसऱ्यालाच जास्त, हे मी पाहिलंय.

भिंतीला कान असतात. ह्या खेळात चारच.
शेवटची सोंगटी उचलल्यावर एकही नाही.

इतकं लिहून मी पान फाडलं.
एक ओळ राहिली होती. मुद्दाम नाही. जागा नव्हती.

त्या रात्री आंबियाचा शेवटचा ट्रक भरून गेला,
शेडमध्ये सालीचा वास, दोनशेचा बल्ब,
चिंचोक्यांचे ढीग. यादव कुरवाडेचा सगळ्यात लहान.
सहा वर्षांत त्याचा एकही मोठा डाव लागला नाही.
हजारो डोळे बांधले त्या हातांनी, सगळे दुसऱ्यांच्या बागेत.

मला आधी तीन पांढऱ्या आल्या. मग ती लाकडाची.
तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, लगेच नजर काढली.

यादव मधले आकडे टाकत होता.
पाच, चार, सहा, पुन्हा पाच. जे सगळे जपतात तेच.
म्हणजे तो गोळा करत होता कडेच्या, एकट्या,
ज्यांचं कुणाशी जमत नाही अशा तेरा जातीच्या.
त्याला एकीचीच वाट होती. आणि ती चारही वेळा
माझ्या हातात होती.

मी गप्प बसले असते
तर भिंत संपली असती, कुणाचंच काही झालं नसतं.
शालिग्रामने दोनदा विचारलं, “हिशोबनीस, झोपली का?”

राहिलेली ओळ अशी:
बंद चार कुणी लुटत नाही,
एक त्या तेरा एकट्यांचा डाव सोडून.
हा नियम सगळीकडे चालत नाही.
तोमोदासाहेबांच्या घरी चालायचा.

“कान,” मी म्हणाले. चारी मांडल्या.
कडेच्या दोन पालथ्या करायला हात नेला
तर लाकडावर यादवचं बोट आधीच होतं,
नखात अजून सालीचा हिरवा.

अफजल पावतीबुकाचं पान उलटंपालटं करत राहिला.
जास्तीची सोंगटी मला मिळाली नाही.
नवी खूण उलटली नाही.
माझे चिंचोके सगळे तिकडे गेले, त्यांचा आवाज
टिनाखाली बराच वेळ होत होता.

कुलूप लावताना यादव मागे थांबला.
“तुले मालूम होतं का?”

मी किल्ली दोनदा फिरवली. जुनं कुलूप आहे,
एकदात लागत नाही.
“उद्या काटा लवकर आहे,” मी म्हणाले, “जा.”