भेगेचं टोक

मागच्या अॅक्सलखाली हात घालून
बुरुलचा एजे काहीच बोलली नाही.
बोटं बाहेर काढली, हुंगली,
मग ड्रायव्हरकडे पाहिलं.
"कधीपासून?"
"काल. खिंडीत खड्डा लागला."
"माल किती?"
"वीस टन."
कारा-केचेचा कोळसा
त्याच्या पापण्यांवर बसला होता,
तोसुद्धा ताकास तूर लागू देत नव्हता.

आत-बाशीत उणे एकोणीस.
तेल खाली यायला अर्धा तास लागला,
काकवीसारखं, नाखुशीनं.
चाकं उतरली, दांडे ओढून काढले,
पोकळ पोलादी नळा लाकडी ठोकळ्यांवर आडवा झाला,
आणि एवढं मोठं कामाझ
मागून अचानक गरीब दिसू लागलं.

डोळ्यांना भेग वीतभर दिसत होती.
एजेनं रॉकेल चोपडलं, पुसून कोरडं केलं,
माझ्या बहिणीच्या दप्तरातला खडू किसून भुरभुरवला,
आणि मला म्हणाली, कंदील धर, हलू नकोस.
पांढऱ्यात हळूहळू एक ओली रेघ उमटली,
वीत ओलांडून
पाट्याच्या बैठकीखाली शिरली,
आणखी चार बोटं.

त्याच्याही पुढे, धडधाकट पोलादात,
तिनं भोक पाडलं.
मला कळेना:
जे फाटतंय त्याला अजून एक भोक?
"भेगेला पुढे सरकायला टोक लागतं," ती म्हणाली,
"गोलात तिला टोक सापडत नाही."

मग ग्राइंडर. ठिणग्या. खोल होत जाणारी खाच.
आतले काठ काळे, जळक्या तेलाचे, तांबेरलेले,
फक्त शेवटचा तुकडा लखलखीत.
त्यावर अंगठ्याचं नख ठेवून ती म्हणाली,
"कालची एवढी.
बाकीची सांग."

तोक्तोबोलोत केबिनकडे गेला.
वाटलं, चिडला.
परत आला तो सीटखालचं बोचकं घेऊन:
फडकी. तेलानं काळी, कडक झालेली फडकी.
रोज पहाटे, मालकाच्या माणसाआधी उठून
तो ते पाझरणं पुसत होता.
एकवीस दिवस.
माणूस ताप अंगावर काढतो तसा
त्यानं हा ट्रक अंगावर काढला होता.
"अठ्ठावीस टन होता," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

बर्नरनं पोलाद तापवलं,
थुंकी टाकली की चर्र उडेल इतपत.
चुलीतल्या डब्यातून रॉड काढले, कोरडे, गरम.
दोन बोटं सांधायचं, थांबायचं,
हातोडीनं टिचक्या मारायच्या, खपली झाडायची,
मग भलतीकडूनच पुन्हा सुरुवात.
"एका दमात ओढ ना, मला नारिनला पोचायचंय."
"एका दमात जोडलेलं," काचेमागून आवाज आला,
"पहिल्या चढाला सुटतं."

संध्याकाळी तिनं सांध्यावर राख लोटली,
वर जुना नमदा गुंडाळला,
सासूनं लग्नात दिलेला, कडा उसवलेला,
शिंगांची लाल नक्षी अजून दिसत होती.
दार बंद. वारा आत नको.
रात्री मी उठलो तेव्हा
तोक्तोबोलोत बाकावर बसला होता,
नमद्यावर तळहात ठेवून.
जरा वेळानं काढायचा,
पुन्हा ठेवायचा.

सकाळी नळा नुकत्या काढलेल्या दुधाइतका कोमट.
दोरी ताणून पाहिली, सरळ होता.
दांडे आत गेले, आवाज न करता.
पैसे निम्मे दिले, निम्म्याचा कोळसा,
आणि एजेनं तो मोजून घेतला,
माया वगैरे काही नाही.

बर्फ वितळून रस्ता चिखलाचा झाला तेव्हा
एक अनोळखी ड्रायव्हर टायरला हवा भरायला थांबला.
जाताना खिशातून फडकं काढून तिच्या हातात दिलं.
"तोक्तोबोलोतनं पाठवलंय. का, ते सांगितलं नाही."

तिनं उलटसुलट करून पाहिलं.
धूळ होती. चिखल होता.
हुंगलं.
आणि त्याच फडक्यानं
चहाचा पेला पुसून
मला पुढे केला.