एकोणीस कप

जिंतूरच्या स्टँडसमोर गौसभाईचं हॉटेल,
तिथून मागून आणलेले चहाचे कागदी कप,
तळाला दाभणानं पाडलेली भोकं,
कडेला अजून कुणाकुणाच्या ओठांचे डाग.
त्यात महिनाभर वांगी वाढली,
शिलाई मशीनशेजारच्या खिडकीत.

बी सोजरबाईचं. तिनं राखेत कालवून
न्हाणीच्या भिंतीला थापलं होतं गेल्या चैतात.
"काटेरी हाय माय, पण भाजलं की लोण्यावाणी,"
म्हणत नखानं खरवडून दिलं.
भिंतीचा पोपडाही आला सोबत.

पंचवीस बिया पेरल्या. एकोणीस उगवल्या.
पिको करताना मशीन हादरली की रोपं हादरायची.
वारा म्हणजे हेच, असं वाटलं असेल त्यांना.

गेल्या सोमवारपासून उंबऱ्याबाहेर ठेवायला लागले.
आधी तासभर, कोवळ्या उन्हात.
मग दुपार होईस्तोवर.
परवापासून पाणी तोडलं.
पानं लोंबली. मी तिकडं बघितलंच नाही,
एका जांभळ्या साडीला फॉल लावत बसले
आणि टाके वाकडे गेले, उसवावे लागले.

आज नळाचा दिवस, नववा.
मुंजाजी डेपोतून आले ते तसेच खाकीत,
टिकाव घेऊन न्हाणीमागं.
काळी माती वरून भेगाळलेली, आत चिकट,
चप्पल धरली की सोडत नाही.
"एका हाताचं अंतर ठेव," म्हणाले.
"तुमच्या, का माझ्या हाताचं?"
शेवटी गळ्यातल्या टेपनं मोजलं, चोवीस इंच.

कप फाडताना आवाज होतो,
कच्ची शिवण उसवल्यासारखा.
आत मुळं कपाच्याच आकाराची,
गोल फिरून फिरून तिथंच आलेली,
बॉबिनवरच्या पांढऱ्या दोऱ्यागत.
बोटानं जरा मोकळी केली. जरा तुटलीही.
किती तुटलेली चालतात, कुणी सांगावं.

अठरा आळ्यांत जागा संपली.
हातात एक राहिलं, बुटकं,
चौथं पान न फुटलेलं.
मुंजाजी काही बोलले नाहीत.
धुण्याच्या दगडाचं पाणी जिथं मुरतं
तिथं टिकावाचा एकच घाव घातला
आणि बाजूला सरकले.

प्रत्येकावर एरंडाचं पान, काडीनं टोचून.
तांब्यानं पाणी, बेताबेतानं,
कारण पुढचा नळ पुन्हा नऊ दिवसांनी.
कुंपणापलीकडून सोजरबाई:
"काय करायलीस गं अंधारात?"
"मोजायले."
"मग, किती भरली?"
"अठरा. आन् एक."

जेवणं झाली. जांभळी साडी सकाळी द्यायची आहे.
खिडकीच्या फळीवर एकोणीस ओले गोल.
मशीन चालवली. समोर काहीच हललं नाही.
दोन टाके घातले, थांबले,
उठून टॉर्च शोधला. खुंटीला नव्हता.

न्हाणीमागं उजेड दिसला.
मुंजाजी उकिडवे बसून
धुण्याच्या दगडाजवळचं पान
हळूच उचलून बघत होते.