तिसरा खंड, रात्रपाळी

तिसरा खंड आज दुपारी आला.
कुरिअरवाल्याने तो खोकल्याच्या औषधांच्या खोक्यावर ठेवला
आणि सही करताना मी पेन उलटं धरलं.

तोर्तोसा गावात रात्रभर उघडं असलेलं
आज हे एकच औषधाचं दुकान.
शटर खाली, त्यात एक चौकोनी झरोका,
त्यातून ताप येतात, दाढदुखी येते,
कुणाच्या तान्ह्याच्या पोटातला वारा येतो.
मधल्या वेळात मी वाचते.

गोष्ट साधी आहे:
जपानातल्या कुठल्याशा किनाऱ्यावर गावाचं न्हाणीघर
आणि त्याच्या मागे भट्टी पेटवणारा तोकिवा.
पाडलेल्या घरांची लाकडं तो जाळतो.
प्रत्येक प्रकरणात एक घर.
दाराची चौकट, जिन्याची झिजलेली पायरी,
पोरांची उंची कोरलेला खांब,
सगळं आत जातं, आणि भिंतीपलीकडे
गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या बायका म्हणतात,
आज पाणी कसं मऊ लागतंय.
बस. कोणी उडत नाही, कोणी तलवार उपसत नाही.
माझा भाऊ विचारतो, यात घडतं काय?
मी म्हणते, पाणी तापतं.

आता हे आमच्या भाषेत आलंय, कातालानमध्ये.
आधी मी ते मोबाइलवर चोरून वाचायचे,
कुणीतरी घाईत केलेल्या इंग्रजीत,
तिथे तोकिवा सरकारी नोटिशीसारखा बोलायचा.
आता तो खाडीकडच्या भातकऱ्यासारखा बोलतो,
वाक्यातला शेवटचा शब्द गिळून.
असा माणूस मी ओळखते. आमच्याकडे गुडघ्याचं मलम न्यायला येतो.

अनुवादिकेचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात: औरेलिया साबाते.
बाई, कधी भेटलात तर आधी तुमचे हात हातात घेईन
आणि मग भांडेन, पान एकशे बारावरून.

जपानीत म्हणे शांततेलाही आवाज असतो: शीऽऽन.
तो चित्रातच काढलेला असतो, कोपऱ्यात, बारीक रेघांनी.
पहिल्या खंडात तुम्ही तो तसाच ठेवलात, खाली टीप दिलीत.
दुसऱ्यात टीप गेली, ठीक, आम्ही शिकलो होतो.
आणि इथे, तोकिवा हातगाडीवरून
स्वतःच्याच घराचं लाकूड उचलतो तिथे,
तुम्ही आवाजच पुसलात?
नुसता पांढरा कागद.
मी चहा गार होईपर्यंत चिडले. पुढचं पान उलटलं नाही.

तेवढ्यात टकटक. किर्झे म्हातारा,
झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी चार घड्या घालून.
मी खण धुंडाळत होते, त्याने झरोक्यातून हात घालून
पुस्तक ओढलं, आणि उघडलं
आपण सगळे उघडतो तसं, म्हणजे शेवटाकडून.
"थांबा! तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करताय,"
असं त्या पानावर ठळक छापलंय.
ते त्याच्या अंगठ्याखाली गेलं.

चष्मा नव्हता, त्याने चित्रंच वाचली.
"आगीतून लाकूड बाहेर येतंय," म्हणाला.
(म्हणजे तो जाळतो तर. मला हे असं कळायचं नव्हतं.)
"हा बाप्या ते गाडीवर रचतो. ओढत नेतो.
हे बघ, भिंत आली. छप्पर आलं.
खांबापाशी पोर उभं राहिलं, डोक्यावर पट्टी धरून.
आणि शेवटी ही कोण, दारात, ओल्या केसांची?
बायको असणार.
चांगलंय गं. शेवट गोड केलाय."

मी तोंड उघडलं होतं सांगायला.
गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात होतं,
त्यावर त्याचं नाव लिहायचं होतं, रात्री एकच, हेही.
लिहिलं.

"पुढचा भाग कधी येतो?"
"ऑक्टोबरात," म्हणाले, आणि मग माझ्या लक्षात आलं.
आत जाऊन दुसरा खंड आणला.
त्याच्या हिशोबाने पुढचा तोच.

तो गेला. काठीचा आवाज पुलापर्यंत ऐकू आला.
मी एकशे बारा पुन्हा उघडलं
आणि त्या पांढऱ्या जागेकडे बराच वेळ बघत बसले.
अजूनही मला वाटतं तिथे आवाज हवा होता.
गोळ्यांचे पैसे घ्यायचे राहिलेच.