पाऊण तास

सेदुना मागे पडलं तेव्हा गॅसचा सिलिंडर अर्धा होता,
पाण्याची टाकी पाऊण,
आणि आपलं बोलणं, नेहमीसारखं, तळाला लागलेलं.

ही व्हॅन तू मिल्ड्युरातल्या एका विधुराकडून घेतलीस.
फ्रिजच्या दारावर त्याच्या बायकोच्या अक्षरात
अजून चिकटलेलं आहे : निघण्याआधी मागची खिडकी लावणे.
तू काढलं नाहीस. मीही नाही.
रोज सकाळी आपण त्या बाईचं ऐकतो.

गाडी तू चालवतोस. मी तुझ्या डावीकडे.
तुझा डावा कान सातव्या वर्षी गालगुंडानं नेला.
पायी चालताना तू मला आठवणीनं उजवीकडे घेतोस,
कड्यावरसुद्धा घेतलंस परवा,
जिथे खाली व्हेल आणि तिचं पिल्लू
नुसतेच पडून होते पाण्यावर, काही काम नसल्यासारखे.
पण गाडीत जागा ठरलेल्या.
एकेचाळीस वर्षं गाडीत मी जे बोलले
ते एका लावलेल्या दाराशी बोलले.
विजेची बिलं, मार्गोचं लग्न, ते बघ इमू,
आणि मधेच, त्याच सुरात, बाकीचंही.

सीमेच्या अलीकडे थांबलो.
फळं, भाज्या, मध, काहीच पलीकडे नेता येत नाही.
आपल्याच पेट्यांमधला, संत्र्याच्या मोहोराचा मध,
अर्धी बरणी, दोन चमचे,
आणि दक्षिणेकडून येणारा तो वारा.
घसा खवखवेपर्यंत खाल्ला आपण, उभ्यानं,
चोरून खाणाऱ्या पोरांसारखा.
उरलेला नाक्यावरच्या पिंपात गेला.
तिथली मुलगी तुझ्या दाढीकडे बघून हसली,
म्हणाली, घड्याळं पाऊण तास मागे घ्या.
पावणेपाचचे चार वाजले.
एवढ्याशा वेळात काय करतात, एरल?
आपण चहा केला.

दुसऱ्या दिवशी कायगुनापाशी
तू गुडघा धरून उतरलास आणि किल्ली माझ्या हातात दिलीस.
तिथे घड्याळ आणखी पाऊण तास मागे.
पाटी सांगत होती :
पुढे एकशे सेहेचाळीस किलोमीटर एकही वळण नाही.

मी उजवीकडे. तू डावीकडे.
तुझा धड कान माझ्या बाजूला. उघडा.

चाळीस किलोमीटर मी एक शब्द बोलले नाही.
मेलेल्या कांगारूवरून एक गरुड उठेना.
मी वेग कमी केला. तो उठला, जडपणानं,
आपणच आगंतुक असल्यासारखा बघत.

मग विचारलं.
स्वान हिलच्या रस्त्यावर, त्या हिवाळ्यात,
दुसरं बाळ राहिलं नाही तेव्हा,
मी म्हणाले होते, बहिणीकडे जाते थोडे दिवस,
आणि कदाचित परत येणार नाही.
ते तुला ऐकू आलं होतं का?

तू बाहेर बघत राहिलास.
वळण असतं तर वळणाचं निमित्त झालं असतं.

आलं होतं, ग्लेनिस.
काय बोलावं ते सुचेना.
कानामागे टाकलं.
कान तर तयारच होता तसा.

समोरून गुरांची रोड ट्रेन आली,
तीन डबे, नुसती शिंगं आणि शेणाचा वास.
व्हॅन अंगभर हलली,
खणातले चमचे खुळखुळले,
त्यातला एक अजून चिकट असणार.
मी स्टिअरिंग घट्ट धरलं. दोन्ही हातांनी.
रडले की नाही ते सांगत नाही.
रस्ता सरळ होता, चालून गेलं.

बॅलडोनियाला पोचल्यावर कळलं,
मागची खिडकी उघडीच राहिली होती.
उशांवर, पांघरुणावर, तुझ्या चष्म्याच्या घरावर
पिठासारखी फिकट धूळ.
तू झटकायला वाकलास.
मी म्हटलं, असू दे.
तू झटकतच होतास.
मग वळसा घालून तुझ्या उजवीकडे आले
आणि पुन्हा म्हटलं,
असू दे.