कात्री

माझ्या ओट्यावर खिळ्याला कात्री असायची,
सुरी नव्हती.
पाकीट कापा, पाणी उकळा, झालं जेवण.

डॉक्टर झांबरेंनी रक्तदाबाचा आकडा दोनदा लिहिला,
दुसऱ्यांदा गिरवून.

भुसावळच्या बाजारात वांगेवालीनं विचारलं,
भरताचं देऊ का भाजीचं?
तीस वर्षं सिग्नल ओळखले,
हे काही सांगता येईना.
तिनंच निवडलं. हिरवं, पांढुरकं.
"जड घेऊ नको भाऊ, निस्त्या बिया निघतात."

तिसऱ्या मजल्यावर पऱ्हाट्या कुठल्या?
गॅसवरच भाजलं. टोचे मारायचे राहिले,
फटकन फुटलं;
भिंतीवर डाग आहे अजून.
उरलं तेवढं ठेचलं, मिरची-लसणासकट.
मीठ चिमूटभर,
त्यातलंही थोडं
परत बरणीत.

कात्री तिथंच आहे, खिळ्याला.
कांद्याच्या पातीच्या जुडीचा
दोरा कापते.