वेणीचा तुकडा

मंगळवारी सुई टोचली, शुक्रवारी बोलावलंय वाचायला.
वाचायचा म्हणजे हात. डावा, कोपराखाली चार बोटं.
सीपीआरच्या बाकड्यावर मी बाही सारून बसलेय
आणि हात आधीच लिहून मोकळा झालाय.

दीर बाबासोच्या थुंकीत जंतू निघाले,
म्हणून घरातल्या सगळ्यांचे हात तपासायचे.
जाऊबाईंचा कोरा. पोरांचे कोरे.
माझ्यावर टणक गाठ, चिंचोक्याएवढी.

मुजावर बाई पेनानं कडा आखतात,
पट्टी लावतात: सोळा मिलिमीटर.
"लाली मोजायची नाही. फुगलंय तेवढंच."
हे मला पटतं. सुभाषनगरात रोज चामडं हाताळते मी;
रंग फसवतो,
बोट फिरवल्याशिवाय जाडी कळत नाही.

ही गाठ जंतूची का, विचारलं.
नाही म्हणाल्या. सुईत जंतू नव्हताच, नुसता त्याचा अर्क.
ही तुमचीच माणसं जमलीत. टी पेशी.

छातीच्या हाडामागं त्यांची शाळा,
शंभरातल्या दोन-चार पास होतात.
बाकीच्या तिथंच संपतात,
कुणी काही ओळखतच नाही म्हणून,
कुणी घरच्यांवरच हात उचलेल म्हणून.
आणि पास झालेलीलाही जंतू अख्खा दिसत नाही.
दुसरी एक पेशी त्याला गिळते, चिरते,
त्याचा एक कपटा दारात टांगते.
येणारी-जाणारी चाचपून पुढं जाते,
न्हाई माझा, न्हाई माझा,
लाखात एकीला तो ओळखीचा लागतो.
मग ती एकीच्या हजार होते.

इथं मला आबा आठवले.
तुटकं पायताण आलं दुरुस्तीला
की वेणीचा बोटभर तुकडा उजेडात धरायचे:
"ही कापशीकडची. ही आमच्या अक्काताईची."
माणूस समोर नसायचाच. तुकडा असायचा.

मग त्या मारतात का जंतूला?
"हा जंतू चिवट. गिळणारीच्याच पोटात लपून बसतो.
टी पेशी तिला जाऊन सांगते: पचव.
नाहीच पचला तर भोवती गराडा घालून बसते,
वर्षानुवर्षं."
पट्टी खिशात ठेवत म्हणाल्या,
"तुमच्या अंगानं याला आधी कधीतरी पाहिलंय.
नव्यानं एवढी गर्दी तीन दिवसांत जमत नाही."
कधी?
बाबासोकडून असेल, फार मागंही असेल.
हात तारीख लिहीत नाही.

दसरा चौकापर्यंत चालत आले आणि मध्येच उभी राहिले.
मी नऊ वर्षांची. अक्काताई आत्या पाठीमागून
माझ्या बोटांवर बोटं ठेवून वेणी शिकवतेय,
आधी तीन पदरी, मग पाच.
तिचा खोकला माझ्या मानेवर.
पुढच्या दिवाळीला ती नव्हती.
"कमजोर होती," एवढंच बोलायचे घरात.
तिची ताटली वेगळी ठेवलेली मी पाहिली होती,
विसरलेही होते.
रिक्षावाला ओरडला तेव्हा बाजूला झाले.

छातीचा फोटो साफ आला. गोळ्या दिल्यात,
आठवड्यातून एकदा, बारा आठवडे.
गाठ बसेल, वरची कातडी थोडी सुटेल म्हणे.
बाबासो विचारतो, वहिनी, माझ्यामुळं का?
मी म्हणते, जेव आधी.

संध्याकाळी पाच पदरी घेऊन बसले.
तिसऱ्या पदराला मी बोट उलटं वळवते.
गल्लीतल्या बायका हसतात,
असं कुणीच करत नाही म्हणतात.
आत्या करायची.