नस

हिंगण्याच्या डेपोत, रात्रपाळीला,
डब्याची लेव्हल बघता बघता
थांग युएलान एका शब्दाशी अडली.
मॅन्युअल चिनी, त्याखाली इंग्रजी,
आणि इंग्रजीखाली, पान्हा घेऊन, मी.
तिथं लिहिलं होतं : प्रिन्सिपल.
ती म्हणाली, नाही. एवढं ताठ नाही.

मग खोक्याची एक फळी उचलली,
समुद्रावरून आलेली, अजून ओलसर,
आणि करंगळी फिरवली तिच्यावरून :
ही. लाकडात आधीपासून असते ती.
जेडच्या दगडातही असते. ली.

बाबा लकडगंजच्या आरामशीनवर होते.
चौथी नापास. सागाचा ओंडका
नुसत्या तळव्यानं वाचायचे.
नवं पोरगं रंधा उलटा मारू लागलं की,
"काहून भांडून राह्यला बे लाकडाशी?
नस पाह्य पहिले."

नस, मी म्हटलं.
नस, ती म्हणाली.
इंग्रजी तेवढा वेळ चहाला गेलं होतं.

फिजिक्सला ते वू-ली म्हणतात,
वस्तूंची नस.
मी नववीत त्यातच गचकले होते,
नियम म्हणून. नस म्हणून कोणी विचारलंच नाही.

पण फार गोड करू नये.
तिच्या आजीला घरच्यांनी ली सांगूनच
उंबऱ्याच्या आत बसवलं होतं.
आणि बाबांनी आयटीआयचा माझा फॉर्म
दोन वर्षं कपाटात ठेवला :
"पोरीची नस मले ठाऊक हाये."
दोघी एकदम हसलो, वाईट हसलो.

पहाटे तिनं झीरो माइलचा दगड विचारला,
कोणी ठरवलं, इथून मोजायचं?
इंग्रजानं, म्हटलं.
आणि तुम्ही अजून मोजता?
मी म्हटलं, फोटो काढतो.
तिच्या देशाचं नावच मधला देश,
म्हणून तिलाही फार बोलता येईना.

मागासलेले, मागासलेले, ऐकत मोठी झाले.
कोणत्या दगडापासून मागे
हे कोणी सांगितलं नाही.

लेव्हलच्या काचेत बुडबुडा
उगाच इकडंतिकडं करत होता.
तिनं डावीकडं एक पातळ पत्रा सरकवला,
मी उजवीकडचा काढला.
आला मध्यावर.
वहीत लिहिलं : चार चाळीस, ठीक.
खाली तिनं तिच्या लिपीत काहीतरी,
मी माझ्या :
उद्या परत पाहणे.